लंगडी काढली

१

अहोंनी घड्याळ कानाला लावलं, डोळे मिटले, आणि दहा-बारा ठोके ऐकून ते टेबलावर ठेवलं. मग चहात माशी दिसल्यावर माणूस कप जसा सरकवतो, तसं एका बोटानं त्यांनी ते लांब सरकवलं.

"हे माझं नाही," ते म्हणाले.

टिंबताई स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या होत्या, आणि लेक खिडकीपाशी. दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं.

घड्याळ अहोंचंच होतं. तबकडीवर चाराच्या आकड्याशेजारी पिवळा डाग होता. काचेच्या कडेला कानशीचा ओरखडा होता. पट्ट्याचं तिसरं भोक ताणून लांबुळकं झालेलं होतं. असं घड्याळ दुसरं कुणी बनवू म्हटलं तरी बनवता आलं नसतं. टिंबताईंनी ते सगळं एकेक करून दाखवलं. अहोंनी समजूतदारपणे मान हलवली, आणि पुन्हा तेच म्हणाले.

"बघ आई," लेक हळूच म्हणाली, "आता घड्याळसुद्धा."

लेकीच्या पर्समध्ये एका निवासाचा अर्ज होता. अशा आजाराच्या माणसांना तिथं नीट सांभाळतात, बाग आहे, नर्स आहेत. ती आठवड्याची रजा काढून आली होती आणि रविवारपर्यंत तिला हो किंवा नाही हवं होतं. तिचंही चुकत नव्हतं. दोन वर्षांत अहोंची आधी नावं गेली, मग रस्ते गेले, मग शर्टाची बटणं. पण कान गेला नव्हता. चाळीस वर्षं ते कारखान्यात फिटर होते. यंत्राला लाकडी दांडी टेकवायची, दांडीला कान लावायचा आणि कुठं दुखतंय ते सांगायचं. परवापरवासुद्धा शेजारचा पंखा ऐकून म्हणाले होते, याचं बेअरिंग जाणार. चौथ्या दिवशी गेलं.

म्हणजे दोनच गोष्टी शक्य होत्या. एक तर दुरुस्तीच्या नावाखाली कुणीतरी घड्याळाचं आतलं यंत्र बदललं होतं, किंवा अहोंचा कानही गेला होता.

उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच टिंबताईंना मनापासून वाटलं, चोरी झालेली असू दे.

२

टिंबताई हे नाव छापखान्यानं ठेवलेलं. एकतीस वर्षं त्यांनी तिथं मुद्रितं तपासली. अनुस्वाराचं एक टिंब सुटलं तरी पान परत पाठवायच्या, म्हणून खिळे जुळवणाऱ्यांनी वैतागून ठेवलेलं नाव पुढं लाडाचं झालं. संध्याकाळी त्या उरलेली मुद्रितं घरी आणत, आणि कारखान्यातून आलेले अहो शेजारी बसून लाल खुणांचे अर्थ विचारत. त्यांना सगळ्यांत आवडली होती ती खोडलेल्या शब्दाखालच्या टिंबांची ओळ. म्हणजे काय, तर हा शब्द चुकून खोडला, तो आहे तसा राहू द्या. तेव्हापासून टिंबताईंनी सामानाच्या यादीतून बिस्किटं खोडली, की खाली पेन्सिलीनं टिंबं आलेली असत.

तीन महिन्यांपूर्वी घड्याळ बंद पडलं आणि अहो सैरभैर झाले. रोज सकाळी रेडिओवरून वेळ लावून किल्ली द्यायची, ही त्यांच्या दिवसातली शेवटची उरलेली खुंटी होती. टिंबताईंनी घड्याळ कोपऱ्यावरच्या बॅटरीवाल्याकडे नेलं. त्यानं दोन दिवस ठेवून घेतलं आणि नवीन घ्या म्हणून परत दिलं.

मग त्या फोनवर शोधायला लागल्या, आणि त्यांना जुन्या घड्याळांच्या वेड्यांचा एक गट सापडला. एखादा काटा मूळचा की बदललेला यावर आठवडाभर भांडणारी चारशे माणसं. टिंबताईंनी महिनाभर नुसतं वाचलं. चांगला कारागीर कसा ओळखायचा, यावर मात्र त्या भांडकुदळांचं एकमत होतं. तो उघडण्याआधी फोटो काढतो. काढलेला प्रत्येक भाग पाकिटात घालून परत देतो. आणि कधीतरी 'हे माझ्याच्यानं होणार नाही' असं म्हणतो.

त्यांनी विचारलं तेव्हा दोन नावं पुढं आली. पहिल्याचं कौतुक पाच जणांनी केलं होतं, 'अतीशय विश्वासु' म्हणून. पाचही ठिकाणी दोन्ही शब्दांत त्याच दोन चुका. पाच माणसं पाच तऱ्हांनी चुकतात, हे टिंबताईंना पोटापाण्यानं शिकवलं होतं. हे पाचही एकच गृहस्थ होते, आणि बहुधा कारागीर स्वतःच. ते नाव त्यांनी खोडलं.

दुसऱ्याला गटात सगळे म्हातारा म्हणत. त्याच्याबद्दल तक्रारीच फार. उशीर लावतो, वसकन अंगावर येतो, निम्मी कामं परत पाठवतो. पण घड्याळातलं काही गेलं, अशी तक्रार नऊ वर्षांत एकही नव्हती. टिंबताईंनी म्हातारा निवडला. तो तीन तासांच्या वाटेवर राहायचा, म्हणून गट चालवणाऱ्या संग्राहकानं घड्याळ नेलं आणि त्यानंच काल ते परत आणून दिलं.

बॅटरीवाला, संग्राहक आणि म्हातारा. तिघांपैकी एकाच्या हातात काहीतरी राहिलं होतं.

३

बॅटरीवाला चाळिशीचा, बोलघेवडा. काउंटरच्या काचेखाली पट्टे आणि वर मोबाईलची कव्हरं. टिंबताईंनी प्रश्न फिरवून विचारला, पण तो दुकानदार, त्याला फिरवलेले प्रश्न ओळखू येत.

"काकू, सरळ विचारा ना, चोरलं का म्हणून." तो दुखावला नव्हता, उलट त्याला गंमत वाटली. "त्या घड्याळातलं काढून मी बसवू कशात? माझ्याकडे येतात ती सगळी सेलवर चालणारी."

झाकण उघडलं होतं, हे त्यानं कबूल केलं. आत तेल सुकून गोंद झालेला, चाकं जागची हलेनात. यात हात घालणं आपलं काम नाही, हे कळल्यावर त्यानं झाकण लावून टाकलं. दोन दिवस लागले ते झाकण नीट बसेना म्हणून.

"आणि झाकणाला आतून गंज धरलाय," तो म्हणाला. "बारीक बारीक टिपके. म्हटलं आता हे जायचंच."

टिंबताईंनी त्याला विचारलं, आवाज कसा होता. तो हसला. बंद घड्याळाचा आवाज कसा असणार?

खरंच होतं. बंद पडण्याआधी ते घड्याळ रोज कान देऊन ऐकलेलं माणूस जगात एकच होतं, आणि त्याच्या साक्षीला कुणी विचारत नव्हतं.

४

संग्राहकाच्या घरात शिरलं की पावसाच्या पत्र्याखाली उभं राहिल्यासारखं वाटायचं, इतकी घड्याळं एकदम चालत. गृहस्थ विधुर, निवृत्त, बोलण्यात मऊ. त्यानं गेल्या महिन्यात अहोंचं घड्याळ विकत मागितलं होतं आणि टिंबताईंनी नाही म्हटल्यावर दोनदा माफी मागितली होती. आता तेच त्यांना खुपत होतं.

अहोंचं म्हणणं ऐकल्यावर त्याचा चेहरा पडला. त्यानं फोनवरचे म्हाताऱ्यानं काढलेले फोटो उघडले, आधीचे आणि नंतरचे. आतल्या यंत्रावर कोरलेला आकडा दोन्हीकडे सारखा. टिंबताईंनी तो उलटासुद्धा वाचून ताडून पाहिला, सवयच ती. यंत्र तेच होतं. यंत्र तेच असेल, तर कान गेला.

"थांबा ताई," संग्राहक म्हणाला. "चिठ्ठी कुठंय?"

घड्याळाबरोबर म्हाताऱ्याची चिठ्ठी आली होती. वाकड्या अक्षरात चार कामं. सफाई. तेल. काच घासली. लंगडी काढली.

"लंगडी?" संग्राहकानं चष्मा वर केला. "लंगडी नावाचा भाग घड्याळात नसतो. लंगर असतो. छोटासा, नांगरासारखा. चाकाला अडवतो आणि सोडतो, टिकटिक होते ती त्याच्यामुळंच."

टिंबताईंनी पर्समधलं लाल पेन काढलं आणि चिठ्ठीवर दुरुस्ती केली, लंगर काढला. क्रियापदाचं लिंगही सुधारलं. म्हातारा अशुद्ध लिहितो, हे तर दिसतच होतं.

मग सगळं पटापट जुळायला लागलं. लंगरावर आकडा नसतो, तेव्हा बदलला तरी फोटोत कळणार नाही. लंगर बदलला तर आवाज बदलणारच. झाकणाच्या फोटोत जुन्या कारागिरांनी ओरखडून ठेवलेल्या तारखा होत्या. कारागीर तशी खूण ठेवतातच. त्यांतल्या सर्वांत जुन्या तारखेपुढं 'लं.' असं अक्षर होतं. म्हणजे लंगर पूर्वीही कुणाच्या नजरेत भरला होता. त्याखाली गंजाचे टिपके. संग्राहकानं अंगठ्यानं फोटो पुढं सारला.

"आणि काढलेल्या भागांचं पाकीट?" टिंबताईंनी विचारलं.

नऊ वर्षांत म्हाताऱ्यानं पाकीट दिलं नाही असं कधी झालं नव्हतं, संग्राहक म्हणाला. या वेळी पाकीट नव्हतं.

निरोप देताना त्यानं सहज विचारलं, घड्याळ कधी पडलं होतं का. टिंबताई नाही म्हणाल्या. जरा लवकरच म्हणाल्या.

५

घरी अहो बसल्या खुर्चीच्या हाताच्या पट्टीवर बोट आपटत होते. टक-टक, थांबून पुन्हा टक-टक. घड्याळ आल्या दिवसापासून हे सुरू होतं. लेकीनं वाचलं होतं, आजार पुढं सरकला की अशा लकबी लागतात. तिनं ते अर्जातल्या 'इतर लक्षणे' या रकान्यात लिहिलंही होतं. टिंबताईंनी नेहमीच्या सवयीनं रकाना वाचला. शुद्धलेखनाची चूक नव्हती.

टिंबताईंनी चिठ्ठी दाखवली तेव्हा लेक म्हणाली, "आई, तुला बाबांना बरोबर ठरवायचंय. समज, लंगर चोरीला गेला. त्यानं बाबा परत येणारेत का?"

टिंबताई म्हणाल्या, नाही. पण हा माणूस आयुष्यभर आवाजाबाबत कधी चुकला नाही. आपण त्याला भ्रमिष्ट म्हणून पाठवायचं आणि तो खरं सांगत असायचा, हे मला झेपणार नाही.

लेकीनं अर्ज टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "जा तू. मी आहे इथं."

अहोंनी बोट थांबवलं, दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं, आणि पाहुण्यांसमोर हसतात तसे हसले.

६

म्हाताऱ्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. खिडकीला टेकून टेबल, टेबलाला उंच कड, म्हणजे निसटलेला स्क्रू जमिनीवर जाऊ नये. त्यानं डोळ्यावरचं भिंग न काढताच चिठ्ठी वाचली, लाल दुरुस्तीसकट.

"हे कुणी खरडलं?"

"मी."

"लंगर काढला म्हणून लिहिलंत. मी लंगर काढला?" म्हाताऱ्यानं भिंग काढलं. ते टेबलावर आपटून ठेवलं आणि टिंबताईंना कळलं की या माणसावर आजवर कुणी चोरीचा आळ घेतलेला नाही. "पाकीट दिलं नाही, कारण काढलंच नाही काही. सगळं मूळचं आहे. उघडून दाखवू?"

त्यानं उघडून दाखवलं. लंगर जागेवर होता, जुना, कडेला झिजलेला. टिंबताईंना लिहिलेलं वाचता येत होतं तसं त्याला ते झिजणं वाचता येत होतं, आणि तो खोटं बोलत नव्हता.

"मग लंगडी म्हणजे काय?"

"लंगडी म्हणजे लंगडी. आमच्या गुरूंचा शब्द आहे. दुसरं कुणी वापरत नाही, मान्य." तो अजून घुश्शातच होता. "आतलं चाक डावीकडे जितकं फिरतं तितकंच उजवीकडे फिरायला हवं. तुमचं एका बाजूला कमी फिरायचं. घड्याळ लंगडी घालत होतं. केसासारखी कमान असते, ती जरा सरकवून मी चाल सरळ केली."

"लंगडी घालताना आवाज कसा येतो?"

म्हाताऱ्यानं नखानं टेबलावर वाजवून दाखवलं. टक-टक, थांबून पुन्हा टक-टक.

पाच दिवस अहो खुर्चीत बसून हेच वाजवून सांगत होते. माझं घड्याळ असं चालतं. आणि त्यांच्या घरच्यांनी ते लक्षणांच्या रकान्यात भरलं होतं.

"पडलं असणार कधीतरी," म्हातारा जरा निवळून म्हणाला. "त्याशिवाय कमान सरकत नाही."

या वेळी टिंबताई खोटं बोलल्या नाहीत. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, पुसता पुसता, फरशीवर. अहोंना त्यांच्या वडिलांनी दिलेलं एवढं एकच घड्याळ. उचलून कानाला लावलं तर चालत होतं, म्हणून जागेवर ठेवलं आणि कुणाला सांगितलं नाही. छत्तीस वर्षं.

"तुमचे यजमान काय करायचे?"

"फिटर. आवाजावरून यंत्र ओळखायचे."

"मग त्यांना पहिल्याच दिवशी कळलं असणार," म्हातारा म्हणाला. "फिटरनं ही चाल छत्तीस वर्षं मनगटावर कशी सहन केली?"

टिंबताईंनी उघडं झाकण उचलून खिडकीकडे धरलं. सर्वांत जुनी तारीख, ते पडल्यानंतरच्या वर्षातली. पुढं 'लं.'.

"हे अक्षर गुरूंचं," म्हातारा म्हणाला. "लंगडी आहे, अशी नोंद. त्यांनी का काढली नाही, ते मला कळेना. म्हणून मी काढली. खाली नुसता गंज आहे."

दोघांनी सांगितलं होतं गंज म्हणून, आणि ज्यांना लोक टिंबताई म्हणत त्यांनी न बघता मान डोलावली होती. आता त्यांनी बघितलं. सात टिंबं, एका रेषेत, एका अंतरावर. गंज असं अंतर मोजून धरत नाही. फिटरच्या बारीक पंचानं एकेक ठोका देऊन पाडलेली, त्या एका अक्षराच्या बरोब्बर खाली.

"हा गंज नाही," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना. "ही आमच्या छापखान्याची खूण आहे. याचा अर्थ, राहू द्या."

म्हाताऱ्याला अक्षर वाचता आलं होतं, टिंबं नाही. त्यांना टिंबं वाचता आली असती, पण शब्दच त्यांनी सुधारून टाकला होता. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या बाईनं चूक नसलेल्या ठिकाणी लाल शाई लावली होती. चोरी कुणीच केली नव्हती. घड्याळातून एक लंगडणं तेवढं गेलं होतं, आणि ज्याचं गेलं त्यानं ते पहिल्या दहा ठोक्यांत ओळखलं होतं.

"परत घालता येईल?" टिंबताईंनी विचारलं.

म्हातारा घड्याळाकडे बघत बसला. हे माझ्याच्यानं होणार नाही, असं तो म्हणेल, असं त्यांना वाटलं.

"अठ्ठेचाळीस वर्षं सुधारतोय," तो म्हणाला. "मुद्दाम बिघडवायची ही पहिली वेळ. बसा."

अर्धा तास लागला. झाकणात त्यानं आजची तारीख ओरखडली, पुढं 'लं.' काढलं. मग सुई टिंबताईंच्या हातात दिली आणि म्हणाला, टिंबं तुम्ही द्या. मला ती भाषा येत नाही.

७

उन्हं खिडकीतून अर्धी खोली ओलांडून आली होती. अहो खुर्चीत होते, बोट पट्टीवर. टिंबताईंनी घड्याळ त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि लेकीला हातानंच गप्प राहायला सांगितलं.

अहोंनी ते कानाला लावलं. डोळे मिटले. बोट एक-दोनदा घड्याळाबरोबर आपटलं, मग थांबलं. आता त्याची गरज उरली नव्हती.

"हेच," ते म्हणाले.

लेकीनं तोंड फिरवलं. परतताना टिंबताईंनी बसथांब्यावरून फोन करून तिला सगळं सांगितलं होतं, फक्त घड्याळ कुणाच्या हातून पडलं ते सोडून. तिनं टेबलावरचा अर्ज उचलला, 'इतर लक्षणे'वर एक रेघ मारली, आणि तो घडी करून पर्समध्ये ठेवला. फाडला नाही, ठेवला.

टिंबताई अहोंच्या शेजारी बसल्या. त्यांना एवढंच हवं होतं. हा माणूस अजून बरोबर होता. आता अहोंनी एकदा 'अगं' म्हटलं, की झालं.

अहोंनी पट्टा बांधला, तिसऱ्या भोकात. मग मान वर करून टिंबताईंकडे नीट पाहिलं, कारखान्यात नव्या माणसाकडे पाहायचे तसं, अदबीनं.

"तुम्ही आणलंत?"

"हो."

"फार उपकार झाले, बाई." ते जरा थांबले. "माझी बायको येईल इतक्यात. मिळालं म्हणून सांगा तिला. शोधत असेल ती."

लेक खिडकीपाशी होती तशीच उभी राहिली. टिंबताईंनी मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरले.

"सांगते," त्या म्हणाल्या.

अहो पुढं वाकले. आवाज त्यांनी खाली आणला, शेजारच्या खोलीत कुणी ऐकेल म्हणून.

"पण पडल्याचा विषय काढू नका तिच्यापाशी. तिच्या हातून पडलं होतं. तिला वाटतं, मला माहीत नाही."

त्यांच्या दोघांच्या मध्ये घड्याळ लंगडत होतं.

"नाही काढणार," टिंबताई म्हणाल्या.